परत पाठवलेला कुर्ता जातो कुठे?

प्रश्न : भावाच्या लग्नासाठी माझ्या मुलीने एकच कुर्ता तीन मापांत ऑनलाइन बोलावला. एक ठेवला, दोन वापस केले. पैसेही खात्यात आले. पण ते दोन कुर्ते पुढे कुठे गेले असतील? दुसऱ्या कोणाला नवे म्हणून मिळतात, की कंपनी फेकून देते? आणि असं वापस करणं चूक आहे का?
— एक वाचक भगिनी, राजापेठ, अमरावती

उत्तर : ताई, दोन्ही होतं. परत गेलेल्या कुर्त्याचं पुढे काय होणार, हे तो उघडून पाहणारा माणूस ठरवतो. आणि असा माणूस नेमणं परवडतं की नाही, हे कुर्त्याच्या किमतीवर अवलंबून असतं.

तुमच्या दारातून कुर्ता नेणारा मुलगा रंग, माप, टॅग पाहतो, एखादा फोटो काढतो. तिथून पाकीट शहरातल्या केंद्रावर जातं. मग ट्रकने नागपूर किंवा भिवंडीसारख्या ठिकाणच्या मोठ्या गोदामात, नाहीतर थेट सुरत, जयपूर, तिरुपूरच्या विक्रेत्याकडे. कारखान्यातून निघताना एकसारखे शेकडो कुर्ते एका खोक्यात होते. परतीच्या वाटेवर मात्र प्रत्येक पाकीट निराळं असतं. एक मापात बसला नाही म्हणून आलेलं, एक रंग पसंत पडला नाही म्हणून, एक हळदीला घालून झालं म्हणून. त्यामुळे कोणालातरी प्रत्येक घडी मोडून बघावी लागते. काखेत घामाचा डाग आहे का, गळ्यावर पावडर लागली आहे का, अत्तराचा वास येतो का, टॅग काढून पुन्हा अडकवला आहे का. काहीच नसेल तर इस्त्री होते, नवं पाकीट चढतं आणि कुर्ता पुन्हा नवा म्हणून विकायला लागतो. थोडं काही असेल तर तो 'सेकंड' म्हणून कमी भावात जातो. जास्त असेल तर लॉटमध्ये, म्हणजे शंभर-दोनशे नग एकत्र बांधून किलोच्या भावात.

आता हिशेब मांडून पाहा. समजा कुर्ता तीनशे रुपयांचा आहे आणि विक्रेत्याला त्यात चाळीस-पन्नास रुपये सुटणार होते. जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, तपासणाऱ्याची मजुरी, इस्त्री, नवं पाकीट एवढं जमेस धरलं तर ते चाळीस रुपये कधीच संपले. म्हणून स्वस्त कपडा बऱ्याचदा नीट न बघताच लॉटमध्ये ढकलला जातो, त्यातला निम्मा धडधाकट असला तरी. दीड-दोन हजारांच्या कुर्त्याला मात्र तपासणारा हात मिळतो.

आपल्या भागात आणखी एक प्रकार फार होतो. माल हातात आल्यावर पैसे द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. पाकीट दारात येतं तेव्हा घरी कोणी नसतं, किंवा विचार बदललेला असतो, आणि ते न उघडताच परत जातं. कुरिअरवाले त्याला 'आरटीओ' म्हणतात. आत कपडा कोरा असतो, पण वेळ निघून जातो. दिवाळीच्या आठवड्यात नाकारलेला ड्रेस विक्रेत्याच्या हाती पडेपर्यंत भाऊबीज झालेली असते आणि वर्षभर तो नक्षीकाम केलेला ड्रेस कोणी विचारत नाही.

युरोपात मजुरी महाग असल्यामुळे हे दुखणं फार टोकाला गेलं. युरोपीय पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तिथे ऑनलाइन घेतलेल्या दर पाच कपड्यांतला एक परत येतो, आणि परत आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कपडे शेवटी नष्ट केले जातात. त्यातले कित्येक कोणाच्या अंगाला लागलेलेही नसतात. बर्बरी या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचं २०१८ साली उघड झालं, तेव्हा मोठी ओरड झाली आणि कंपनीला ती पद्धत थांबवावी लागली. फ्रान्सने २०२२ पासून न विकलेले कपडे नष्ट करायला बंदी घातली. युरोपीय संघाने तीच बंदी मोठ्या कंपन्यांसाठी १९ जुलै २०२६ पासून लागू करायचं ठरवलं.

आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे आणि कमी भावात घेणारंही कोणीतरी असतं. म्हणून परत आलेला कपडा सहसा जाळला जात नाही, तो भावाच्या पायऱ्या उतरत जातो. मंगल कार्यालयातल्या सेलमध्ये, तिथून हातगाडीवर, तिथून आठवडी बाजारात. हे चांगलंच आहे. पण परत आलेल्या मालाचं काय केलं, हे कंपन्यांनी जाहीर करावं असा कायदा आपल्याकडे नाही, आणि तो हवा असं मला ठामपणे वाटतं.

राहिला चुकीचा प्रश्न. माप न बसलेला कुर्ता परत करण्यात तुमच्या मुलीची काही चूक नाही. एका कंपनीचा 'एल' दुसऱ्या कंपनीच्या 'एम'एवढा निघतो, कारण आपल्याकडे कित्येक वर्षं परदेशी मापांवरूनच तक्ते बनत आले. निफ्ट या संस्थेने देशातल्या सहा शहरांत सुमारे २५ हजार लोकांची अंगमापं घेऊन भारतीय तक्ता बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला, तो याचसाठी. तो तक्ता रुळेपर्यंत घरातला एक नीट बसणारा कुर्ता पलंगावर पसरून त्याची छाती, खांदा आणि उंची टेपने मोजून ठेवा आणि साइटवरच्या तक्त्यातले इंच त्याच्याशी ताडून बघा. एका मापावर भागेल. आणि तुम्ही अमरावतीच्या आहात. नागपूर रस्त्यावर नांदगाव पेठेच्या बाजूला बिझिलँड, सिटीलँड, ड्रीम्झलँड अशी कपड्यांची ठोक बाजारपेठ तुमच्या दारात आहे. दर्यापूरचा किंवा मूर्तिजापूरचा दुकानदार तिथल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे माल वापस करतो, तेव्हा समोरचा माणूस तिथल्या तिथे घडी मोडून बघतो आणि तो नग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाऊ शकतो. अंतर कमी आणि बघणारा समोर, एवढ्यानेच पुष्कळ नुकसान टळतं.

प्रश्न : आधी दोन लुगडी आणि एक पँट दिली की भांडेवाली स्टीलचा डबा देत होती. आता गाठोडंभर कपडे पुढे केले तरी ती नाही म्हणते. कपडे तर चांगले असतात. मग असं का?
— एक वाचक भगिनी, जठारपेठ, अकोला

उत्तर : भांडेवालीचं बरोबर आहे, ताई. जुन्या कपड्याची तिच्याइतकी पारख कोणाला नाही. पणन महासंघाच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर जसा मूठभर कापूस ओढून, उजेडात धरून क्षणात प्रत सांगायचा, तशी ती पँटचा गुडघा आणि मांडीची शिवण ताणून बघते, शर्टाची कॉलर उलटते, साडीचा पदर उन्हात धरते. तिला दिसत असतो पुढचा गिऱ्हाईक. तिने घेतलेला कपडा धुतला जातो, रफू होतो, बटण लागतं, कधी रंग चढतो, इस्त्री होते आणि मग तो मजुराच्या अंगावर जातो. गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांनी मुंबई-दिल्लीत हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. दिल्लीच्या रघुबीर नगरात पहाटे भरणारा त्यांचा जुन्या कपड्यांचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक मानला जातो. कोणत्याही सरकारी योजनेशिवाय या बायका आयुष्यभर डोक्यावर गाठोडं घेऊन देशाचा कपडा वाया जाऊ देत नाहीत, आणि आपण त्यांच्याशी एका वाटीवरून घासाघीस करतो.

तुमचे कपडे तिला नको झाले, त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे नवा कपडाच इतका स्वस्त झाला की जुन्याचा गिऱ्हाईक राहिला नाही. बाजारात दीडशे रुपयांत कोरी लेगिंग मिळते, तर वापरलेली साठ रुपयांना कोण घेणार? त्यातही ती धुऊन-शिवून विकायची म्हणजे साठ रुपयांतले तिला उरणार किती?

दुसरं कारण जास्त खोल आहे. कपडा कशाचा बनलाय ते बदललं. आपल्या आजीचं सुती लुगडं एका अंगावर संपत नव्हतं. नेसून नेसून ते मऊ झालं की त्याचं बाळाला दुपटं व्हायचं, झोळी व्हायची. मग चार लुगडी एकावर एक ठेवून गोधडी. गोधडी विटली की पोतेरं. आणि पोतेऱ्याच्या चिंध्या उकिरड्यावर गेल्या तर वर्ष-दोन वर्षांत त्यांची माती. प्रत्येक पायरीवर सुताचा एक गुण कामाला यायचा. ते पाणी शोषतं, जुनं होताना मऊ पडतं आणि शेवटी कुजतं. पॉलिस्टरच्या साडीत यातला एकही गुण नाही. तिचं दुपटं ओलं शोषत नाही, गोधडी घसरते आणि उकडते, फरशी पुसायला घेतली तर पाणी नुसतं इकडून तिकडे जातं. गॅरेजवालाही हात पुसायला सुती चिंधीच मागतो. लायक्रा घातलेला कपडा तर सैल पडला की कशाचाच राहत नाही.

तरी वऱ्हाडाने या साडीला एक काम शोधलंच. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, कुठल्याही रस्त्याने जा, तूर-सोयाबीनच्या धुऱ्यावर लाल, हिरव्या, जांभळ्या साड्या ताणून बांधलेल्या दिसतात. रानडुकरं आणि रोही रात्रीतून शेत आडवं करतात. तारेच्या कुंपणाला पैसा लागतो, तो नाही. मग जुन्या साड्या विकत आणून शेताभोवती बांधायच्या. हलणाऱ्या रंगांना जनावर काही दिवस तरी बिचकतं. म्हणजे तुमच्या फिकट झालेल्या साडीला अजून मागणी आहे, फक्त ती माणसाच्या अंगावरची नाही.

या वापराला नाव ठेवायचं माझ्या मनात नाही, कारण पिकाची राखण करत रात्र काढणं काय असतं ते त्या घरांनाच माहीत. पण उन्हापावसाचा एक हंगाम काढला की ही साडी विरते, तिचे धागे तुटून काळ्या मातीत मिसळतात आणि कुजत नाहीत. वखराच्या पाशीला गुंडाळलेले रंगीत दोरे शेतकऱ्याला ओळखीचे आहेत. तेव्हा साड्या बांधणाऱ्यांना एकच विनंती, हंगाम संपला की त्या विरायच्या आत सोडून घ्या.

प्रश्न : आपल्याकडे जिनिंग पावलोपावली आहे. मग जुना सुती कपडा पिंजून त्याची पुन्हा रुई का करत नाहीत? शेतकऱ्याच्या कापसाला भाव मिळत नाही आणि तिकडे कपड्याचे ढीग पडतात, हे कसं?
— एक शेतकरी वाचक, अकोट

उत्तर : दादा, रुई होते, पण ती तुमच्या पऱ्हाटीच्या रुईसारखी नसते. आपल्या संकरित वाणांचा धागा २८ ते ३० मिलिमीटर लांब भरतो. सूतकताईला तीच लांबी लागते. विणलेला कपडा दातेरी यंत्रात फाडून काढला की तंतू तुटतात आणि त्यांची लांबी बऱ्याचदा निम्म्यावर येते. एवढ्याशा तंतूचं बारीक सूत निघत नाही. त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावं लागतं, आणि तरी त्याचं जाड सूतच होतं. त्यातून सतरंजी, चादर, पायपुसणं होतं. जुन्याचा पुन्हा अंगावर घालायचा कपडा क्वचितच होतो. एलेन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात हे प्रमाण जगभरात एक टक्क्याहूनही कमी असल्याचं म्हटलं आहे.

लोकरीच्या बाबतीत ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या बॅटली गावी १८१३ साली बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या फाडून नव्या लोकरीत मिसळल्या. आज त्या धंद्याचं मोठं केंद्र हरयाणातलं पानिपत आहे. श्रीमंत देशांतले जुने कोट आणि स्वेटर कांडला बंदरातून तिथे जातात. बायका बसून बटणं, चेन, अस्तर काढतात, रंगांचे ढीग लावतात, आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं बनतात. भूकंप-पुरानंतर जगभर वाटली जाणारी ब्लँकेटं वर्षानुवर्षं पानिपतहून गेली आहेत. तिथेही सगळा धंदा उभा आहे तो हाताने निवडणाऱ्या या बायकांवर, आणि सगळ्यात कमी मजुरीही त्यांचीच.

आता आपल्याकडची अडचण. भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कपड्याचा कचरा जमतो असा अंदाज 'फॅशन फॉर गुड' या संस्थेने २०२२ मध्ये दिला. त्यातला जवळपास निम्मा घराघरांतून निघतो, सुमारे ४२ टक्के कारखान्यांतून, उरलेला आयातीतून. कारखान्याची कतरण एका जातीची असते. शंभर टक्के सुती बनियनची कतरण म्हणजे शंभर टक्के सुतीच. तिला लगेच गिऱ्हाईक आहे, पुण्याच्या हातकागद संस्थेत अशा सुती कतरणीचाच सुंदर कागद होत आला. घरच्या कपड्याचं मात्र काही सांगता येत नाही. कापड कॉटन-पॉलिस्टर, शिवण नायलॉनची, कमरेला रबर, वर टिकल्या. मिसळलेले धागे रसायनाने वेगळे करता येतात, पण ते महाग पडतं. जुन्या सुती कपड्यापासून नवा धागा काढणारी स्वीडनमधली रिन्यूसेल ही नावाजलेली कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, एवढ्यावरून हे काम किती कठीण आहे ते कळेल.

तुमचा खरा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत आहे. त्याचं उत्तर आकड्यात मांडून बघू. दोनशे ग्रॅमचा एक सुती शर्ट घ्या. कताई-विणाईतली घट धरून त्याला साधारण अडीचशे ग्रॅम रुई लागते. क्विंटलभर कापसात तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, म्हणजे त्या शर्टात तुमचा सुमारे पाऊण किलो कापूस आहे. बोंड चार ग्रॅमचं धरलं तर पावणेदोनशेच्या वर बोंडं. प्रत्येक बोंड कोणीतरी कंबर वाकवून, काट्यांतून बोटं घालून वेचलेलं. जगभर लिहितात की एका टी-शर्टामागे २७०० लिटर पाणी खर्च होतं. आपल्या कोरडवाहू वऱ्हाडात ते बहुतेक पावसाचंच पाणी आहे, त्यामुळे तो आकडा इथे तसाच्या तसा लावू नये. इथे खर्च होतं ते वेचणाऱ्या बाईचं अंग आणि शेतकऱ्याचं कर्ज. शर्ट चार वेळा घालून टाकला जातो तेव्हा ते दोन्ही मातीमोल होतं, आणि तुमच्या भावात त्याचा एक रुपयाही वाढत नाही.

म्हणून मला नांदगाव पेठेबद्दल बोलायचं आहे. तिथल्या एमआयडीसीत कापड गिरण्या आधीच आल्या आहेत. देशातल्या सात पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पांपैकी एक तिथेच, सुमारे हजार एकरांवर होतो आहे. त्याचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात झालं. धाग्यापासून तयार कपड्यापर्यंत सगळं एका जागी, असं त्याचं स्वरूप आहे. त्यात कपडा परत येण्याची जागाही आत्ताच आखून ठेवली पाहिजे. कतरण जातीनिहाय वेगळी ठेवणारी शेड, परत आलेला माल तपासायला आणि दुरुस्त करायला शिंपी, जुना कपडा निवडायला बायका, आणि त्यांना कारखान्यातल्या कामगाराइतका पगार. नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला घरातले जुने कपडे गोळा करून निवडण्याचं केंद्र सुरू केलं आहे. अमरावती-अकोल्याच्या महापालिकांनी तिथे आपली माणसं पाठवावी. कताईसाठी यंत्रंही दूर शोधायला नकोत, अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीपासून बंद पडून आहे आणि तिचे कामगार काम मागत आहेत.

तोवर घरी एक परीक्षा करता येते. शिवणीच्या आतल्या कडेला कापडाचेच दोन दोरे काढून, शिलाईचे नव्हे, चिमट्यात धरून जाळून बघा. सुताचा दोरा जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक काळी गोळी होते. सुती कपडे वेगळे बांधले तर गोधडी शिवणारी बाई, गॅरेज, छापखाना यांतलं कोणीतरी ते नक्की घेतं. एका गाठोड्यात मिसळले की कोणीच घेत नाही.

प्रश्न : दिवाळीच्या तोंडावर शहरातून कपड्यांच्या गाड्या मेळघाटात येतात. बरेचसे कपडे इथे कामाचे नसतात, मग ते शाळेच्या खोलीत पडून राहतात. देणाऱ्यांना काय सांगावं?
— एक शिक्षक वाचक, धारणी तालुका

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून शेवटी घेतलं.

२०१५ मध्ये इराणच्या मशहद शहरात कोणीतरी भिंतीला खुंट्या ठोकून गरम कपडे टांगले. ज्याला नको त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं. वर्षभरात ती कल्पना 'माणुसकीची भिंत' या नावाने अकोल्यासह महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत आली. कल्पनेतला मोठेपणा असा की घेणाऱ्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही आणि तो स्वतः निवडतो. पण जिथे रोज कोणी घड्या घालत नाही, तिथे अशा भिंतीखाली थोड्याच दिवसांत भिजलेला ढीग होतो. मेळघाटात येणाऱ्या गाड्यांचंही तसंच. निवडायचं काम देणाऱ्याने केलेलं नसतं, म्हणून ते तुमच्या शाळेवर येऊन पडतं.

शेंडगावच्या परीट घरात जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरले. पण ती त्यांनी स्वतः होऊन घेतलेली होती. पाचव्या इयत्तेतल्या कोरकू मुलीला मात्र चेन तुटलेली जीन्स कोणी निवडू देत नाही, ती तिच्या हातात ठेवली जाते, वर फोटो काढला जातो. 'गूंज' ही अंशु गुप्ता यांनी १९९९ च्या सुमारास सुरू केलेली संस्था याबाबतीत शिकण्यासारखी आहे. तिथे आलेला प्रत्येक कपडा आधी निवडला जातो, गावातल्या लोकांनी ठरवलेल्या कामाचा, विहीर खणण्याचा किंवा रस्ता बांधण्याचा, मोबदला म्हणून दिला जातो. जुन्या सुती कापडाचे बायकांसाठी पॅड बनतात.

तुम्ही देणाऱ्या मंडळांना एक यादी पाठवा. मुलांची वयं आणि मापं, किती जणांना स्वेटर नाही, किती घरांत पांघरूण कमी आहे. चिखलदऱ्याच्या बाजूला थंडी कडक असते, तेव्हा घागरा-चोळीपेक्षा ब्लँकेट आधी लिहा. कपडे धुऊन, बटण लावून, मापाप्रमाणे वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर माप लिहून यावेत, असं स्पष्ट कळवा. सगळं गाव निवडून झाल्यावर जे उरेल ते त्याच गाडीतून परत न्यायचं, ही अटही घाला. वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. ज्यांना मनापासून द्यायचं आहे ते ऐकतील, आणि बाकीच्यांची गाडी आली नाही तरी तुमची एक खोली मुलांना बसायला मोकळी होईल.